कॅबिनेट उघडण्याआधी: जंपर, कनेक्टर आणि कार्ड

संगणकाच्या स्क्रीनवर डिस्प्ले आला नाही म्हणून 'बोर्ड (मदरबोर्ड) गेला' असं लगेच धरून चालू नका. पुष्कळदा एखादा कनेक्टर अर्धवट बसलेला असतो, आणि ते घरीही तपासता येतं.

शट डाउन केल्यावरही बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालूच असतो. म्हणून प्लग पूर्ण काढा, मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. अंगावरची स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा आणि आतला मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

जंपर म्हणजे दोन पिना जोडणारी इवलीशी टोपी. पूर्वी प्रोसेसरचा वेगसुद्धा जंपरनेच ठरवायचा. आता बहुतेक बोर्डांवर कामाचा एकच उरलाय, बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या, बोर्डातल्याच प्रोग्रामची) सेटिंग पुसणारा. तो बहुधा बोर्डावरच्या गोल सेलच्या आसपास असतो. तीन पिना असतील तर टोपी १-२ वरून काढून २-३ वर दहा सेकंद ठेवा आणि आठवणीने परत १-२ वर लावा. दोनच पिना असतील तर स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन्हींना एकदम टेकवा. हे सगळं प्लग काढूनच. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून घ्या, नाहीतर विंडोज ती मागून अडवू शकतं. फक्त घड्याळ मागे पडत असेल तर जंपरला हात लावू नका. ३ व्होल्टचा सीआर २०३२ सेल बदला.

पुढच्या बटणांच्या बारीक वायरी सगळ्यात जास्त गोंधळात टाकतात. नेहमीच्या मांडणीत ९ पिना असतात आणि दहावी जागा रिकामी. १-३ हार्ड डिस्कचा दिवा, २-४ पॉवरचा दिवा, ५-७ रिसेट, ६-८ पॉवर बटण. तरी बोर्डाचं मॅन्युअल एकदा पाहाच. बटणाच्या वायरी उलट लागल्या तरी चालतं. दिव्याची प्लस वायर मात्र १ किंवा २ वरच हवी. चुकली तर दिवा लागत नाही, बाकी नुकसान नाही. बटणच खराब आहे का, हे पाहायला प्लग लावून ६ आणि ८ क्षणभर स्क्रूड्रायव्हरने जोडा. संगणक सुरू झाला तर बोर्ड ठीक, दोष बटणाचा किंवा वायरीचा. फक्त शेजारच्या पिनांना टोक लागू देऊ नका.

यूएसबी २.० च्या हेडरमध्ये (बोर्डावरच्या पिनांच्या गटात) नववी पिन नसते, ऑडिओच्या हेडरमध्ये आठवी. जुन्या बोर्डावरचं फायरवायरचं (कॅमेरा वगैरे जोडायच्या जुन्या पोर्टचं) हेडर हुबेहूब यूएसबीसारखं दिसतं, पण त्यात १२ व्होल्ट असतात. तिथे यूएसबी लावली की पेन ड्राइव्ह जळतो.

पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही? २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरसोबत प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचाही लावलाय ना, ते बघा. ग्राफिक्स कार्डाचा ८ पिनांचा कनेक्टर वेगळा. तो तिथे दाबून बसवायचा नाही.

कार्ड: छोटं एक्स१ कार्ड लांब एक्स१६ स्लॉटमध्ये (बोर्डावरच्या कार्ड बसवायच्या खाचेत) बिनधास्त चालतं. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. ६ पिनांची केबल आणखी ७५ देते, ८ पिनांची १५०. ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल कार्डालाच लावा, बोर्डाला नको. वाशी, ऐरोली, कोपरी अशा खाडीलगतच्या भागात खाऱ्या दमट हवेने कार्डाच्या आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसा, पूर्ण सुकू द्या.

कॅबिनेट दुकानात आणायचं असेल तर जड ग्राफिक्स कार्ड आधी स्लॉटची खिट्टी दाबून काढा आणि वेगळं गुंडाळा. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत त्याच्या वजनाने स्लॉट उचकटू शकतो.