नाव झाकलं, अक्षरही झाकलं, तरी भानगडी संपल्या नाहीत

बोर्डाच्या पेपरवर आपण नाव लिहीत नाही, नंबर टाकतो नाहीतर बारकोड चिकटवतो, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पण तपासणाऱ्याला पेपर कुणाचा हे कळताच कामा नये, ही गोष्ट चीनमध्ये हजार वर्षांपूर्वी सरकारी नोकरभरतीसाठी पक्की झालेली. माझ्या मते त्यांचा खरा शोध परीक्षा हा नाहीच, नाव झाकणं हा आहे.

त्यांची केजू परीक्षा सातव्या शतकाच्या सुरुवातीला, स्वेई घराण्याच्या काळात सुरू झाली असं साधारण मानतात. पुढे थांग घराण्याच्या काळात नावं उघडीच असायची, त्यामुळे उमेदवार परीक्षेआधीच आपल्या कविता बड्या लोकांकडे पाठवून ओळख काढायचे, म्हणजे वशिला चालूच. मग सोंग राजवटीने नावावर कागद चिकटवायला सुरुवात केली, तर लक्षात आलं की परीक्षक अक्षरावरून माणूस ओळखतात! म्हणून अकराव्या शतकाच्या सुरुवातीला कारकुनांची फौजच बसवली, त्यांनी प्रत्येक पेपर पुन्हा लिहून काढायचा, दुसऱ्यांनी मूळ पेपरशी ताडून बघायचा आणि परीक्षकाकडे फक्त नक्कल जायची. नंतरच्या मिंग आणि छिंग घराण्यांच्या काळात (चौदावं ते विसावं शतक) तर उमेदवार काळ्या शाईत लिहिणार आणि नक्कल लाल शाईत, म्हणजे अदलाबदलीचा प्रश्नच नको. नानजिंगच्या परीक्षा केंद्रात २० हजारांवर खोल्या होत्या. खोली कसली, तीन भिंती, पुढून उघडी आणि दोन फळ्या, एक बसायला, एक लिहायला, रात्री दोन्ही जोडून झोपायचं. प्रांताची परीक्षा तीन वर्षांतून एकदा, तीन फेऱ्या, आणि एकेका फेरीत दोन रात्री तिथेच.

एवढं करूनही १८५८ला बीजिंगमध्ये घोटाळा झालाच. काही उमेदवारांनी निबंधात अमुक जागी अमुक शब्द घालायचा असं परीक्षकांशी आधीच चिठ्ठीवर ठरवून ठेवलेलं, मग नक्कल लाल असो की निळी, काय फरक पडतो. त्यात मुख्य परीक्षक बो जुन याचं डोकं उडवलं, आणि तो साधासुधा माणूस नव्हता, दरबारातला अगदी वरचा मंत्री होता.

पण मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं ते वेगळंच. हजारो निनावी पेपर भराभर तपासायचे तर सगळ्यांना एकच माप हवं, म्हणून मिंग काळात आठ भागांचा निबंध ठरला, विषय कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या चार ग्रंथांतला, अर्थ चू शी या बाराव्या शतकातल्या विद्वानाने लावलेलाच, वाक्यं जोडीजोडीने तोलून लिहायची. परीक्षांचा अभ्यास करणारे आज दोन गोष्टी वेगळ्या धरतात. दोन परीक्षकांनी एकच पेपर तपासला तर मार्क सारखे पडतात का, ही विश्वासार्हता. आणि आपल्याला जे मोजायचंय तेच मोजलं जातंय का, ही वैधता. केजूने पहिलीच्या मागे लागून दुसरी बरीचशी घालवली. राज्यकारभाराचे प्रश्नही असायचे खरं तर, पण ते शेवटच्या फेरीत, आणि परीक्षकांचा जीव पहिल्या फेरीतल्या निबंधांवर. पूर आला तर हा साहेब काय करेल हे त्यातून कसं कळणार?

ही पद्धत १९०५ला बंद झाली, पण तोवर बाहेर पोचली होती. चीनमधले ब्रिटिश अधिकारी तिचं कौतुक लिहीत होते, टॉमस टेलर मेडोज याने १८४७ला इंग्लंडमध्येही असंच करा म्हणून सुचवलं. १८५५ला लंडनमध्ये आयसीएसची, म्हणजे ब्रिटिशांच्या भारतातल्या वरिष्ठ सरकारी नोकरीची, खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली. त्यात चीनचा वाटा किती यावर अभ्यासकांत वाद आहेत, पण आपली यूपीएससी त्याच आयसीएसच्या वंशातली हे नक्की.

खुद्द चीनमध्ये आता गाओकाओ आहे, कॉलेज प्रवेशाची परीक्षा. सांस्कृतिक क्रांतीत ती दहाएक वर्षं बंद होती, १९७७ला परत सुरू झाली तेव्हा सुमारे ५७ लाख मुलं बसली आणि जागा तीन लाखांच्याही आत. २०२४ला नोंदणी १ कोटी ३४ लाखांवर गेली.

आणि नाव झाकून न सुटणारा एक प्रश्न तेव्हाही होता. १३९७ला राजधानीच्या परीक्षेत पास झालेले ५०हून जास्त जण सगळेच्या सगळे दक्षिणेतले निघाले. बादशहाने फेरतपासणी करवली, तरी निकाल तोच. मग त्याने काही परीक्षकांना मारलं, पुन्हा परीक्षा घेतली आणि या वेळी सगळे उत्तरेतले पास केले. पुढे १४२०च्या दशकात उत्तर-दक्षिण कोटाच ठरला. आज गाओकाओतही प्रांतवार जागा आहेत, बीजिंगच्या मुलाला तिथल्या नामांकित विद्यापीठात शिरणं हनान प्रांतातल्या मुलापेक्षा बरंच सोपं, म्हणून काही पालक सोप्या प्रांतात घर, कागदपत्रं सगळं हलवतात, आणि सरकार त्यांना शोधून अपात्र ठरवत बसतं.