गारठ्याचं पहिलं मिनिट

जुलैत मुलांकडे सॅन फ्रान्सिस्कोला आलेले आईवडील मोठ्या हौसेने ओशन बीचवर जातात आणि दहा मिनिटांत गाडीतले स्वेटर शोधू लागतात. कॅलिफोर्निया, त्यात ऐन उन्हाळा, आणि पाणी बहुधा १५ अंशांच्याही खाली! मालवणच्या कोमट समुद्रात डुंबलेल्या माणसाला ही चक्क फसवणूक वाटते.

ही करामत वाऱ्याची. वसंतापासून इथे वायव्येचा वारा किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वी फिरते म्हणून उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं पाणी एकंदरीत उजवीकडे, म्हणजे इथे किनाऱ्यापासून दूर सरकतं. मोकळ्या झालेल्या जागी खोलवरचं गार पाणी वर येतं. वारा पडला की सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी त्यातल्या त्यात उबदार होतं.

नेमकं त्याच सुमारास उत्तर पॅसिफिकमधली वादळं जागी होतात. १६ सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटांचा जथा खोल समुद्रात ताशी साधारण ४५ किलोमीटरने पुढे सरकतो. म्हणजे २००० किलोमीटरवरच्या वादळाची लाट इथे पोचायला जवळजवळ दोन दिवस. तोवर ते वादळ विरूनही गेलेलं असतं.

अशा एखाद्या सकाळी लाटांवर स्वार व्हायची, सर्फिंगची फळी काखेत मारून एकटाच कुणी पाण्यात उतरतो. ओशन बीचवर फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे जायला बऱ्याचदा सोयीची वाटच नसते. एकेका लाटेखालून बुडी मारतच पुढे जावं लागतं. आणि थंडीचा खरा डाव इथेच असतो.

गार पाण्यात माणूस गारठून मरतो, असं आपण सहज म्हणतो. पण अंगाचं आतलं तापमान धोक्याच्या पातळीला यायला बराच वेळ लागतो. त्याआधी घात करतो तो श्वास. त्वचा अचानक गार पडली की आपल्याही नकळत मोठा श्वास आत ओढला जातो, पाठोपाठ धाप लागते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर संपलंच. शिवाय त्वचेवरची थंडी हृदयाला पळायला सांगते, तर श्वास रोखून पाण्यात बुडवलेला चेहरा त्यालाच हळू चालायला सांगतो. या ओढाताणीत ठोक्यांची लय बिघडू शकते. कॅनडाचे संशोधक गॉर्डन गिसब्रेख्त यांनी याचा सोपा हिशेब मांडला आहे : श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती १० मिनिटं, आणि शुद्ध हरपायला १ तास. आकडे ढोबळ आहेत, क्रम मात्र ध्यानात ठेवण्यासारखा. दिलासा एवढाच की पाच-सहा वेळा थोडा थोडा वेळ गार पाण्यात उतरलं, तर हा पहिला धक्का बराच सौम्य होतो. नेहमीचे सर्फर म्हणूनच निवांत दिसतात. त्यांची कातडी काही जाड नसते.

हा हिशेब उघड्या अंगाचा. वेटसूटने, म्हणजे निओप्रीन या सच्छिद्र रबराच्या अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखाने, तो पार बदलला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी ओळखलं, की ऊब धरायला अंग कोरडंच हवं असं नाही. आत शिरलेलं पाणी ऊब देतं हा समज अर्धवट आहे. ऊब टिकवतात ते निओप्रीनमधले वायूचे बुडबुडे. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, तेव्हा हे बुडबुडे किती मोलाचे ते लक्षात येईल. आतलं पाणी पातळ थरात, जागच्या जागी राहिलं की झालं. १९५२मध्ये जॅक ओनील यांनी सर्फिंगच्या सामानाचं दुकान थाटलं ते याच ओशन बीचजवळ, आणि पुढे वेटसूट सर्फरांच्या अंगावर चढवण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

हातांचं दुखणं मात्र पुरतं मिटलेलं नाही. गारठा वाढला की शरीर हातापायांकडचं रक्त आखडतं घेतं. बोटं बधिर होतात, कोपरापुढचे स्नायू मंदावतात, फळी वल्हवणं जड जातं. सोबत कुणी असेल तर ही ढिलाई त्याला दिसते. एकट्याला ती स्वतःहून जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो. किनाऱ्यावर आल्यावरही थंडी लगेच पाठ सोडत नाही. अंगाच्या आतलं तापमान काही वेळ उतरतच राहतं. दोन तास लाटांशी झुंजून आलेला माणूस मग गाडीपाशी उभा राहून कुडकुडत असतो, आणि हातातली किल्ली काही केल्या कुलपात जात नाही.