फिशटँकच्या तळाशी भाताचं खाचर

कोकणात चिखलणी झालेल्या खाचरात पाय घातला, की वरचा पातळ थर तांबूस दिसतो. पाय थोडा रुतला की खालून राखाडी, निळसर चिखल वर येतो. माती एकच, पण रंग दोन. वरच्या थराला पाण्यातून थोडा प्राणवायू मिळतो, खालच्याला मिळत नाही, एवढाच फरक. घरातल्या काचेच्या टाकीत पाणवनस्पती वाढवायच्या असतील तर हा फरक समजून घ्यावा. तो समजला की तळासाठी महागडं काही विकत आणायची गरज उरत नाही.

दुकानात यासाठी खास भाजलेल्या मातीचे काळे दाणे मिळतात. जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी पाण्याखालच्या बागांची शैली जगभर नेली, तिच्याबरोबर हे दाणेही पोचले. ते उत्तमच असतात. पण आयात मालाची किंमत मोजावी लागते, आणि काही वर्षांनी दाणे विरघळून त्यांचा चिखल होतो. उलट दोन फूट लांब आणि एक फूट रुंद टाकीत एक इंच थर द्यायला सुमारे पावणेपाच लिटर माती पुरते. म्हणजे लहानशी बादलीभर! कुंडीतली साधी माती तळाला, तिच्यावर वाळूचा थर आणि भरपूर झाडं, ही पद्धत अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ साली सविस्तर मांडली. तेव्हापासून जगभरचे हौशी लोक ती वापरत आहेत.

माती पाण्याखाली गेली की आत काय घडतं, याचा खरा अभ्यास मात्र भातशास्त्रज्ञांनी केला. मातीतले जिवाणू आपल्यासारखेच श्वास घेतात. पाण्याखाली प्राणवायू एक-दोन दिवसांत संपतो. मग ते नायट्रेटवर भागवतात. ते संपलं की मँगनीज, नंतर लोह, नंतर सल्फेट, आणि शेवटी मिथेन तयार करणाऱ्या जिवाणूंची पाळी येते. उतरत्या पायऱ्यांचा जिनाच म्हणा. आपल्याला हवी ती पायरी लोहाची. गंजाच्या रूपातलं लोह पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे झाडाला ते सहज मिळत नाही. प्राणवायू नसला की जिवाणू त्याचं विद्राव्य रूपांतर करतात आणि मुळं ते उचलतात. स्फुरदाचंही तसंच आहे. लाल मातीत ते लोहाला घट्ट चिकटून बसलेलं असतं. लोह सुटलं की तेही सुटतं.

फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत एफ. एन. पोन्नंपेरुमा यांनी या विषयाला आयुष्य दिलं. १९७२ साली त्यांनी बुडालेल्या मातीच्या रसायनाचा जो आढावा लिहिला, त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आम्लधर्मी माती बुडवली की तिचा सामू (आम्ल-अल्क मोजण्याचं माप, pH) वर चढतो, अल्कधर्मी मातीचा खाली उतरतो, आणि काही आठवड्यांत बहुतेक माती सातच्या जवळपास येऊन स्थिरावते. म्हणून ‘आमच्याकडची माती चालेल का?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘चालेल’ असंच असतं.

चालते, पण प्रत्येक माती वेगळी वागते. आपल्याकडे दोन टोकांच्या माती आहेत. कोकणातली आणि घाटमाथ्यावरची जांभ्याची लाल माती लोहाने गच्च भरलेली असते. फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली मलबारातल्या या दगडाला वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटेराइट’ म्हटलं, कारण तिथले लोक त्याचे चिरे कापून घरं बांधत होते. कोकणात तर आजही बांधतात. १९८०च्या दशकात जर्मन हौशी लोक टाकीच्या तळात मुद्दाम लॅटेराइट मिसळू लागले. आपल्या अंगणातला जांभा तिकडे डब्यात भरून विकला जाणारा माल होता! या मातीची उणीव एकच: तिच्यातली केओलिनाइट चिकणमाती अन्नद्रव्यं फारशी धरून ठेवत नाही. धनभारित अन्नकण धरण्याची क्षमता मोजतात, तेव्हा केओलिनाइटची शंभर ग्रॅममागे ३ ते १५ एकक भरते. देशावरच्या काळ्या मातीतल्या स्मेक्टाइट चिकणमातीची ८० ते १२० भरते. अमोनियम, पोटॅशियम, कॅल्शियम ती घट्ट धरते आणि मुळांना जपून देते.

मग नुसती काळी मातीच का घालू नये? कारण हीच चिकणमाती पाण्याने फुगते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या याच स्वभावामुळे. टाकीत ती लोण्यासारखी बसते, तिच्यातून पाणी आणि वायू हलत नाहीत, आणि एखादं झाड उपटलं की आठवडाभर पाणी गढूळ राहतं. शिवाय तिच्यात चुनखडी असते. मूठभर वाळक्या मातीवर व्हिनेगर ओतून पाहा. फसफसली तर ती पाण्याचा जडपणा वाढवणार. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला या पाणवनस्पतींना त्याचं काही वाटत नाही, कारण पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही ती कर्ब घेऊ शकतात. सगळ्या झाडांना ते जमत नाही. मी तीन वाटे लाल मातीत एक वाटा काळी मिसळते. लोह एकीचं, धारणशक्ती दुसरीची.

माती तयार करण्यात मात्र घाई करू नये. चाळून काड्या आणि मुळ्या काढाव्यात. टबात पाण्यात भिजवून दोन दिवस ठेवावी, वरचं पाणी ओतून द्यावं, मग पत्र्यावर पसरून उन्हात वाळवावी. असं तीन-चार वेळा करावं. प्रत्येक फेरीत जिवाणू सेंद्रिय पदार्थ पचवतात आणि सुटं नत्र निघून जातं. हे न केल्याची किंमत मी मोजली आहे. पहिल्या टाकीत मी नर्सरीतली शेणखत मिसळलेली माती तशीच घातली आणि चौथ्या दिवशी मासे सोडले. दोन दिवसांत सगळे गेले. बुडालेल्या खतातून अमोनिया सुटतो, आणि पाणी जितकं उष्ण व अल्कधर्मी तितका त्याचा मोठा भाग विषारी रूपात असतो. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत तर हे विसरून चालतच नाही. त्या माशांचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा माती एक इंच आणि वर धुतलेली वाळू एक इंच. नदीची वाळू चालते. समुद्राची नको, तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो. वाळू फार बारीक नसावी आणि थर फार जाड नसावा. पहिल्याच दिवशी टाकी झाडांनी भरून टाकावी, कारण अमोनिया हेच झाडांचं आवडतं नत्र आहे. नर्सरीतली ब्राह्मी आणून लावा. जाडसर, लहान, लांबट पानांची खरी ब्राह्मी मागा, गोल पानांची मंडूकपर्णी नको. काही आठवड्यांत ती पाण्याखाली रुळते. पहिला महिना दर दोन-तीन दिवसांनी निम्मं पाणी बदलायचं आणि अमोनिया व त्यापासून बनणारं विषारी नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय मासा सोडायचा नाही. मातीत कुजणाऱ्या पदार्थांतून कर्बवायू निघत असतो, त्यामुळे झाडांसाठी कर्बवायूचा सिलिंडर लागत नाही.

तळातून बुडबुडे येतात तेव्हा लोक घाबरतात. बहुतेक बुडबुडे निरुपद्रवी असतात. सडक्या अंड्याचा वास आला तरच काळजी करावी, कारण तो हायड्रोजन सल्फाइडचा असतो. जिना एक पायरी जास्त उतरला, असा त्याचा अर्थ. जांभ्याच्या मातीत हा धोका कमी, कारण मुबलक लोह त्या वायूला पकडून काळं, न विरघळणारं लोह सल्फाइड बनवतं.

एक कळकळीची विनंती. कासच्या पठारावर जांभ्यातल्या उथळ पाण्यात वायतुरा ही पाणवनस्पती फुलते. सह्याद्रीच्या माथ्यांपलीकडे ती जगात कुठे नाही. तिचा कंद उपटून टाकीत आणू नका. ओढ्याकाठच्या क्रिप्टोकोरीन या रानटी पाणवनस्पतीलाही हात लावू नका. लावणीसाठी वाढवलेली रोपं विकत मिळतात.

गेल्या महिन्यात दीड वर्षाचं एक क्रिप्टोकोरीन दुसरीकडे हलवायला उपटलं. मुळांची टोकं पांढरीशुभ्र होती आणि मागचा भाग विटकरी रंगाने माखलेला. पानांनी बनवलेला प्राणवायू मुळांतून आजूबाजूच्या काळ्या चिखलात झिरपला होता, आणि विरघळलेलं लोह तिथेच पुन्हा गंजून मुळांवर बसलं होतं. भाताचं रोप खाचरातून उपटलं की त्याच्याही मुळांवर हाच रंग दिसतो.