पहिलीत नाव घालताना: वय, कागद आणि डिसेंबरातली मुलं

महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशाचा नियम एका ओळीचा आहे. ज्या वर्षी जूनमध्ये मूल वर्गात बसणार, त्याच वर्षीच्या 31 डिसेंबरला त्याला 6 वर्षं पूर्ण झालेली हवीत. नर्सरीसाठी तारीख हीच, वय 3. म्हणजे जून 2026 मध्ये पहिलीत जायचं तर जन्म 31 डिसेंबर 2020 पर्यंतचा हवा. एक दिवस उशिरा जन्मलेलं मूल पुढच्या वर्षी.

आधी ही तारीख 30 सप्टेंबर होती, 2020 मध्ये शासनाने ती डिसेंबरअखेर नेली. त्यामुळे डिसेंबरात जन्मलेलं मूल जेमतेम साडेपाच वर्षांचं असताना पहिलीत येतं आणि त्याच्या शेजारी जवळजवळ वर्षभराने मोठं, जानेवारीतलं मूल असतं. मधल्या सुट्टीत बघा. मोठ्याचा डबा खाऊन होतो, झाकण लागतं, तो मैदानात पळतो. धाकटा अजून झाकणाशीच झटत असतो. लिहितानाही पेन्सिल मुठीत. त्याच्यात काही कमी नसतं, फक्त त्याचे बारा महिने अजून यायचे असतात.

म्हणून पालकांना कळकळीने सांगावंसं वाटतं: 31 डिसेंबर ही किमान वयाची अट आहे, सक्ती नाही. सक्तीचं शिक्षण 6 ते 14 या वयाचं. मूल ऑक्टोबर ते डिसेंबरमधलं असेल आणि अजून रडत-बिचकत असेल, तर आणखी एक वर्ष अंगणवाडीत किंवा बालवाडीत खेळू द्या. 'वर्ष वाया गेलं' म्हणणारे नातेवाईक भेटतील, मनावर घेऊ नका. केंद्रीय विद्यालयात तर 31 मार्चलाच 6 पूर्ण लागतात, तिथे हे मूल तसंही पुढच्याच वर्षी जाणार.

शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत दुर्बल आणि वंचित मुलांसाठी ठेवलेल्या 25 टक्के राखीव जागांचं काय, हा प्रश्न हमखास येतो. तिथे पहिलीसाठी 31 डिसेंबरला कमाल वय 7 वर्षं 5 महिने 30 दिवस धरलं जातं. डिसेंबरातलं मूल वर्षभर थांबलं तरी तेव्हा जेमतेम 7 चं, त्यामुळे वयाने बाद होत नाही. मात्र शाळेचा प्रवेश नर्सरीपासून असेल, तर या जागाही नर्सरीलाच भरतात, हे आधी विचारून घ्या. अर्ज ऑनलाइन, निवड सोडतीने. आर्थिक दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्न 1 लाखाच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो, वंचित गटासाठी जातीचा दाखला. भाड्याने राहत असाल तर भाडेकरार नोंदणीकृत हवा, साध्या स्टॅम्प पेपरवरचा चालत नाही.

नेहमीच्या प्रवेशाला जन्मदाखला, रहिवासी पुरावा, फोटो आणि असल्यास जातीचा दाखला एवढं पुरतं. आधार मागतात, पण त्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच स्पष्ट केलं आहे. मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेऊन निवड करायलाही कायद्याने मनाई आहे.

जन्मदाखला नसेल तर दवाखान्यातली किंवा अंगणवाडीतली नोंद, नाहीतर पालकांचं लेखी निवेदन वयाचा पुरावा म्हणून चालत आलं आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नये, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. पण 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशाला जन्मदाखलाच जन्मतारखेचा पुरावा धरायचा, अशी दुरुस्ती जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात झाली आहे. यातली पहिली मुलं 2026 च्या जूनमध्येच नर्सरीच्या वयाची होतात. दाखल्यावर नुसतं 'बाळ' असेल तर आत्ताच नाव चढवून घ्या. जन्मनोंदणीपासून वर्षाच्या आत ते मोफत होतं, नंतर विलंब शुल्क पडतं.

माझे वडील पोळ्याच्या आदल्या रात्री जन्मले, असं आजी सांगायची. शाळेच्या कागदावर मात्र 1 जून. डोक्यावरून हात नेऊन पलीकडच्या कानाला लागला की मूल शाळेच्या वयाचं, असं ठरवून जूनची तारीख घालायचे. ती तारीख त्यांच्या निवृत्तीपर्यंत पुढे गेली.

आजही जनरल रजिस्टरमधली, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीतली, नोंदच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर उतरते. शाळा सुटल्यावर ती बदलणं महाकठीण. फॉर्म देऊन लगेच निघू नका. जन्मदाखला हातात धरून रजिस्टर बघायला मागा आणि मुलाचं नाव, आईचं नाव, आडनाव, तारीख अक्षर न् अक्षर जुळवून घ्या.