कावळा, फांदी आणि पातेगळीचं टॉनिक

चार-पाच दिवस आभाळ गच्च राहिलं, झड लागली, की पऱ्हाटीखाली, म्हणजे कपाशीच्या झाडाखाली, पात्यांचा (न उमललेल्या कळ्यांचा) सडा पडतो. जीव कासावीस झालेला शेतकरी कृषी केंद्र गाठतो. "भाऊ, हे टॉनिक मारा, आठ दिवसांत पातेगळ थांबते. समद्या गावानं नेलं." तो फवारतो, आणि आठ दिवसांत पातेगळ खरंच थांबते.

पण थांबली कशानं? ढगाळ हवेत ऊन कमी, म्हणून झाडात अन्न कमी तयार होतं. मग पेलवत नाहीत त्या पात्या ते गाळून टाकतं. ऊन पडलं की गळ आपसूक कमी होते. शिवाय आपण बाटली आणतो ती गळ सर्वांत जास्त असते तेव्हाच, म्हणजे ती बहुतेक वेळा उतरणारच असते. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी याला नाव दिलंय काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, म्हणून फांदी कावळ्यानं तोडली असं होत नाही.

सगळीच औषधं खोटी नाहीत. नॅफ्थील अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड या संजीवकाची (झाडाच्या वाढीवर परिणाम करणाऱ्या द्रव्याची) पातेगळीसाठी शिफारस होते. मग खरं-खोटं ओळखायचं कसं? संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर 1919 मध्ये इंग्लंडच्या रोथमस्टेड शेती संशोधन केंद्रात रुजू झाले आणि तिथे त्यांनी एक पद्धत घडवली: शेजारशेजारचे तुकडे घ्यायचे, कुठे उपचार करायचा आणि कुठे नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, मग तुलना करायची. आपल्या वावरातही दोन-तीन ठिकाणी चार-चार तासं (झाडांच्या ओळी) न फवारता सोडता येतात.

बॅनरवर विक्रमी उत्पन्नवाल्याचा फोटो असतो. तेच औषध मारून हात चोळत बसलेल्यांचा नसतो. आणि तीच गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर पडली की ती खरी वाटू लागते, हे 1977 च्या एका मानसशास्त्रीय प्रयोगात दिसलं.

मला सर्वांत घातक वाटतं ते "समद्या गावानं नेलं". सगळ्यांनीच फवारलं, तर तुलनेला कोरडं तासच उरत नाही. पैसा तर जातोच. त्यात पंपात टॉनिकसोबत कीटकनाशक मिसळायची सवय. आणि 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजुरांचे जीव गेले, ते आपण पाहिलंय.

पुढच्या झडीनंतर फवारणी करायचीच असेल, तर आधी सोडलेल्या तासांना चिंधी बांधा. आठ दिवसांनी दोन्हीकडची दहा-दहा झाडं धरून पात्या मोजा, आणि आकडे घेऊन केंद्रात जा.