एमबीबीएस इथलं, नोंदणी ब्रिटनची: प्लॅब, कागदपत्रं आणि मुदतींचा हिशेब

महाराष्ट्रात एमबीबीएस करून ब्रिटनला जायचं म्हटलं की गप्पा प्लॅबपासून, म्हणजे बाहेर शिकलेल्या डॉक्टरांसाठी ब्रिटन घेतं त्या दोन टप्प्यांच्या परीक्षेपासून, सुरू होतात आणि प्लॅबवरच संपतात. परीक्षा सोपी नाही, हे खरंच. पण दरवर्षी ती पास होणारे पुष्कळ असतात, आणि त्यातले बरेच जण पुढे कागदांपाशी अडकतात. कुणाची आयईएल्टीएसची, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेची, मुदत संपते, कुणाचं पासपोर्टवरचं नाव पदवीशी जुळत नाही. म्हणून अभ्यासाचं वेळापत्रक करण्याआधी कागदांचं करा, असं माझं मत.

ब्रिटनमध्ये डॉक्टर म्हणून काम करायला जनरल मेडिकल कौन्सिल, म्हणजे जीएमसीकडे नोंदणी आणि तिच्याबरोबर मिळणारं लायसन्स लागतं. जीएमसी साधारण पाच गोष्टी बघते: मान्य असलेली पदवी, इंटर्नशिप, इंग्रजी, वैद्यकीय ज्ञान आणि तुमच्याविरुद्ध कुठल्या कौन्सिलची कारवाई नसणं. तुमचं कॉलेज वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्समध्ये आहे का आणि त्याच्या नोंदीपुढे जीएमसीची काही अट लिहिली आहे का, हे सगळ्यात आधी बघून घ्या. इंटर्नशिप झाली नसेल तर फार तर प्रोव्हिजनल नोंदणी मिळते. तिच्यावर फक्त फाउंडेशनच्या, म्हणजे तिथल्या नव्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणाच्या, पहिल्या वर्षाची जागा घेता येते, म्हणून इथली इंटर्नशिप पूर्ण करूनच निघणं शहाणपणाचं.

इंग्रजीसाठी आयईएल्टीएस ॲकॅडमिकमध्ये एकूण 7.5 आणि चारही भागांत किमान 7 लागतात, तेही एकाच बैठकीत. नाहीतर ओईटी या आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेच्या मेडिसिन पेपरमध्ये चारही भागांत बी ग्रेड. 'आमचं सगळं शिक्षण इंग्रजीतच झालं, मग परीक्षा कशाला?' हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. जीएमसीच्या नियमात त्या मार्गाची सोय आहे, पण अट अशी की शिक्षणाच्या काळात रुग्ण, नातेवाईक आणि सहकारी यांच्याशी झालेल्या संवादापैकी किमान 75 टक्के इंग्रजीत झालेला असावा. ससूनच्या किंवा केईएमच्या ओपीडीत 'पोटात कुठं दुखतंय, मावशी?' असं विचारत शिकलेल्याला हा दाखला कोण देणार? तेव्हा परीक्षा द्यायचीच. अनेकांना रायटिंगमध्ये साडेसहावर थांबावं लागतं. ओईटीत रुग्णाबद्दलचं रेफरल लेटर लिहायचं असतं, निबंध नाही, त्यामुळे आपल्या लोकांना ती जवळची वाटते. दोन्हींचा निकाल दोन वर्षं चालतो. प्लॅब एकला बसण्याआधी तो हवा आणि शेवटी नोंदणीचा अर्ज करतानाही तो मुदतीत असावा लागतो. इंटर्नशिपच्या पहिल्याच महिन्यात हौसेने आयईएल्टीएस उरकली तर ती ऐन वेळी शिळी होते.

प्लॅब एक म्हणजे 180 बहुपर्यायी प्रश्न, तीन तास. निगेटिव्ह मार्किंग नाही. केंद्र भारतातही मिळतं. 2024 पासून या परीक्षेचा अभ्यासक्रम ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांच्या मेडिकल लायसन्सिंग असेसमेंटशी जोडला आहे. नीटपीजीच्या तयारीतून आलेल्यांना विषय ओळखीचे वाटतात, पण इथे दुर्मीळ सिंड्रोम पाठ असून भागत नाही. तिथल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पुढचं पाऊल कोणतं, हे विचारतात.

प्लॅब दोन मात्र मँचेस्टरलाच जाऊन द्यावी लागते. 16 स्टेशन्स, म्हणजे वेगवेगळे प्रसंग, प्रत्येकी आठ मिनिटं, समोर रुग्णाची भूमिका करणारा माणूस. तपासणी आणि उपचारांबरोबर बोलण्यालाही गुण असतात, आणि आपली गाडी तिथेच घसरते. आपल्याकडे बाहेर रांग लागलेली असताना 'ही गोळी सकाळ-संध्याकाळ, पाच दिवसांनी दाखवा' म्हटलं की काम झालं. तिथे रुग्णाला कशाची भीती वाटते, त्याला स्वतःला काय वाटतं, हा उपचार त्याला चालेल का, हे विचारावं लागतं, आणि तेही क्लासमध्ये पाठ केलेल्या वाक्यांत नको. पाठांतर परीक्षकाला लगेच कळतं. या परीक्षेसाठी स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा चालतो. पहिल्या परीक्षेची फी अडीचशे पौंडांच्या वर, दुसरीची नऊशेच्या वर. विमान आणि राहणं वेगळं. प्रत्येक परीक्षेला चार संधी असतात. प्लॅब एकनंतर दोन वर्षांत प्लॅब दोन, आणि त्यानंतर दोन वर्षांत नोंदणी मिळवायची.

एमडी किंवा एमएस झालेल्यांनी मात्र प्लॅबकडे वळण्याआधी थांबून विचार करावा. एमआरसीपी, एमआरसीएस, एमआरसीपीसीएच यांसारख्या रॉयल कॉलेजच्या पूर्ण पात्रता जीएमसी ज्ञानाचा पुरावा म्हणून मानते, त्यामुळे प्लॅब द्यावीच लागत नाही. वेळ जास्त जातो, पण पदरात एक पदवी पडते आणि नोकरीच्या अर्जातही तिचं वजन पडतं. दोन वर्षं तिकडे प्रशिक्षण घेऊन परत यायचं असेल तर मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह ही वेगळी वाट आहे.

आता कागद. पदवीची खातरजमा ईसीएफएमजी या अमेरिकन संस्थेच्या एपिक या ऑनलाइन सेवेतून होते. तुम्ही स्कॅन चढवता, ते थेट संस्थेला विचारतात, आणि उत्तर यायला किती वेळ लागेल हे तिकडच्या टेबलावर अवलंबून. आरोग्य विद्यापीठ नाशिकला 1998 मध्ये झालं. त्याआधीच्या बॅचची पदवी मुंबई, पुणे किंवा नागपूर अशा जुन्या विद्यापीठाची असते, तेव्हा खातरजमाही त्याच नावाने मागा. हे काम प्लॅब एकचा निकाल लागला की लगेच सुरू करावं.

गुड स्टँडिंग सर्टिफिकेटचं, म्हणजे तुमच्याविरुद्ध कारवाई नसल्याच्या कौन्सिलच्या दाखल्याचं, मात्र नेमकं उलटं. गेल्या पाच वर्षांत ज्या ज्या देशात प्रॅक्टिस केली तिथल्या कौन्सिलचं ते लागतं, आणि जीएमसीकडे ते फक्त तीन महिने चालतं. लवकर काढून ठेवलं तर वाया जातं. भारतात ते नॅशनल मेडिकल कमिशन देतं आणि त्यासाठी राज्य कौन्सिलची पडताळणी होते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं, क्रेडिट पॉइंट्ससकट. ते राहून गेलं असेल तर आधी तिथली थकबाकी मिटवा.

आणि नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, कुठे शेवटी आईचंही. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. लग्नानंतर पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि आडनाव आलं, पण पदवी आणि कौन्सिलची नोंद माहेरच्या नावाची, ही तर घरोघरची गोष्ट. एकच व्यक्ती असल्याचा पुरावा म्हणून विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद जोडता येते. त्याहून सोपं म्हणजे आयईएल्टीएसचा फॉर्म भरायच्या आधीच पासपोर्टवरचं नाव पक्कं करून जीएमसी, एपिक, परीक्षा सगळीकडे अक्षर न् अक्षर तेच लिहिणं. 'Deshmukh' की 'Deshamukh' यावर महिना जाऊ शकतो, म्हणून स्पेलिंग एकदाच ठरवून कागदावर लिहून समोर चिकटवा.

नोंदणी हातात आली म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. गेल्या काही वर्षांत पहिल्या नोकरीसाठी चढाओढ फार वाढली आहे. ब्रिटिश सरकारने जुलै 2025 मध्ये मांडलेल्या दहा वर्षांच्या आराखड्यात स्पेशालिटी ट्रेनिंगच्या जागांसाठी तिथल्या पदवीधरांना प्राधान्य देण्याचं धोरण आहे. कर्ज काढून जाणाऱ्यांनी हे आधी वाचावं. नोकरी मिळाली की रुग्णालयाचं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, म्हणजे व्हिसासाठीचा प्रायोजकाचा दाखला, येतं आणि त्यावर हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसा. त्याला आरोग्य अधिभार, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर घेतात ते शुल्क, नाही, पण भारतातून अर्ज करताना मान्यताप्राप्त केंद्रातला टीबीचा दाखला लागतो, जो सहा महिने चालतो. शिवाय पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट लागतं. पत्ता बदललेला असेल तर स्थानिक पोलिस ठाण्याच्या पडताळणीला वेळ लागतो, त्यामुळे त्याचा अर्ज ऑफर लेटर हाती पडल्या दिवशीच टाकावा.