शेजारचं हॉटेल किती भरलंय?

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटं विक्रीला आली आणि बघता बघता संपली. कार्यक्रम होते जानेवारीत. तरी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमच्या आसपासच्या हॉटेलांचे त्या रात्रींचे दर लगोलग कैक पटींनी चढले. अशा दिवशी ज्या व्यवस्थापकाचं लक्ष नसतं, त्याच्या खोल्या सकाळच्याच भावात भराभर जातात. संध्याकाळी तो खूशही असतो, चार महिने आधीच हॉटेल फुल्ल!

ही खुशीच फसवी आहे. शंभर खोल्या भरल्या म्हणजे आपल्याला शंभर खोल्यांपुरतीच मागणी दिसली. त्यापुढे पन्नास जण परत गेले की पाचशे, याची नोंद आपल्या वहीत होत नाही. संख्याशास्त्रज्ञ अशा आकड्यांना ‘सेन्सर्ड डेटा’ म्हणतात, कारण एका मर्यादेपलीकडचं काही मोजलंच जात नाही. उलट बाजूही तितकीच अंधारी. हॉटेल अर्धं रिकामं असेल तर गावात पाहुणेच आलेले नाहीत, की आलेत पण पलीकडच्या हॉटेलात उतरलेत, हे फक्त स्वतःचे आकडे बघून सांगता येत नाही.

दुसऱ्याचा दर मात्र आज कुणालाही दिसतो. मोबाइलवर बुकिंगचं ॲप उघडलं की झालं. मोठी हॉटेलं तर ‘रेट शॉपर’ नावाचं सॉफ्टवेअर ठेवतात, ते दिवसातून अनेकदा शेजाऱ्यांचे दर टिपून आणतं. पण दर दिसला म्हणून त्यामागचं कारण दिसत नाही. समजा, समोरच्या हॉटेलानं शुक्रवारचा दर ६,००० वरून ४,५०० केला. कदाचित गावातच मंदी असेल. कदाचित त्यांच्याकडची लग्नाची पार्टी रद्द होऊन चाळीस खोल्या अचानक मोकळ्या झाल्या असतील. दुसरं कारण खरं असेल तर आपण गप्प बसायचं, कारण त्यांच्या चाळीस खोल्या भरल्या की पुढचे पाहुणे आपल्याच दारात येणार. पण घाबरलेला माणूस ४,४०० करतो. मग समोरचा ४,२००. दोघांचंही नुकसान, आणि तेही गावात मागणी जोरात असताना.

यावर हॉटेलवाल्यांनी फार पूर्वीच एक साधी सोय काढली होती. नाइट ऑडिटला, म्हणजे दिवसाचा हिशोब मिटवायला बसलेला माणूस रात्री आसपासच्या रिसेप्शनला फोन फिरवायचा, ‘किती गेल्या आज? काय भावानं?’ पलीकडचाही सांगायचा, कारण उद्या त्यालाही विचारायचं असायचं. थोडं खरं, थोडं फुगवून.

१९८५ मध्ये अमेरिकेत रँडी स्मिथ यांनी ‘स्मिथ ट्रॅव्हल रिसर्च’, म्हणजे एसटीआर, ही कंपनी काढली आणि या फोनाफोनीला शिस्त लागली. हॉटेलनं आपले आकडे द्यायचे: विकायला खोल्या किती होत्या, गेल्या किती, पैसे किती आले. बदल्यात त्याला आपल्या निवडक प्रतिस्पर्ध्यांची, धंद्याच्या भाषेत ‘कॉम्पसेट’ची, एकत्रित बेरीज मिळते. एकट्यादुकट्या हॉटेलाचा आकडा दाखवला जात नाही. २०१९ मध्ये स्थावर मालमत्तेची माहिती विकणाऱ्या कोस्टार या अमेरिकी कंपनीनं ही कंपनी ४५ कोटी डॉलरला विकत घेतली, यावरून त्या बेरजेचं मोल कळावं.

बेरीज काय दाखवते? गेल्या वर्षी आपल्या ६० टक्के खोल्या भरत होत्या, यंदा ७० टक्के. मालक पेढे वाटेल. पण गटाचा आकडा ६० वरून ८० वर गेला असेल, तर आपला निर्देशांक, म्हणजे गटाचा आकडा १०० धरला तर आपला किती, तो १०० वरून ८७.५ वर घसरला. गाव वाढलं आणि आपण मागे पडलो.

हा झाला सरलेल्या रात्रींचा हिशोब. खरी मजा येणाऱ्या रात्रींच्या माहितीत आहे. ‘डिमांड ३६०’सारख्या सेवा पुढच्या तारखांना गटातल्या किती खोल्या आधीच बुक झाल्यात ते सांगतात. त्याचा उपयोग समजून घ्यायला विमान कंपन्यांकडून आलेला एक नियम पुरतो. १९७२ मध्ये बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीतल्या केन लिटलवूड यांनी तो मांडला. शेवटची खोली आज ४,००० ला मागणारा पाहुणा समोर आहे. थांबलो तर ऐनवेळी येणारा १०,००० देईल, पण तो येईलच असं नाही. तो येण्याची शक्यता ४० टक्क्यांहून जास्त असेल तर खोली राखून ठेवायची, कमी असेल तर देऊन टाकायची. चार हजार भागिले दहा हजार, एवढंच गणित.

अडचण त्या शक्यतेची. आपल्या जुन्या नोंदी म्हणतात २० टक्के. पण त्या तारखेला शेजारची पाच हॉटेलं आताच ९५ टक्के भरलेली आहेत हे कळलं, तर तिथून परतणारे लोक आपल्याकडे वळणार आणि तीच शक्यता कदाचित ७० टक्क्यांवर जाईल. खोली तीच, पाहुणा तोच, निर्णय बरोबर उलटा. प्रतिस्पर्ध्याची मागणी कळल्यानं कमाई वाढते ती इथे.

गोव्यातल्या वीस खोल्यांच्या हॉटेलाला असले अहवाल परवडत नाहीत. पण डिसेंबर अखेरीची मांडवी एक्स्प्रेसची वेटिंग लिस्ट, विमानाची भाडी आणि ॲपवर एकामागून एक ‘सोल्ड आउट’ होणारी नावं बघणारा मालक तीच माहिती आडवाटेनं काढत असतो. माझ्या मते तो सॉफ्टवेअरवर डोळे मिटून विसंबणाऱ्यापेक्षा फार मागे नसतो.

आता थोडं खटकणारं. कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅथी एन्झ आणि लिंडा कॅनिना यांनी मार्क लोमॅनो यांच्यासह २००१ ते २००७ या काळातले अमेरिकी हॉटेलांचे आकडे तपासले. गटापेक्षा स्वस्त असलेली हॉटेलं जास्त भरत होती, पण दर उपलब्ध खोलीमागची कमाई, म्हणजे ‘रेवपार’, त्यांची कमी होती. गटापेक्षा थोडी महाग असलेली हॉटेलं कमी भरूनही जास्त कमावत होती. कारण उघड आहे. खोली निम्म्या भावात मिळते म्हणून कुणी कामाशिवाय नागपूरला जात नाही. दर पाडल्यानं एकूण पाहुणे फारसे वाढत नाहीत, ते एका हॉटेलातून दुसऱ्यात सरकतात.

म्हणजे शेजाऱ्याची माहिती मिळाल्याचा मोठा फायदा त्याचे पाहुणे पळवण्यात नाही. तो आहे उगाच दर न पाडण्यात, आणि तो दोघांनाही होतो. अर्थशास्त्रज्ञ झेव्हियर व्हिव्हेस यांनी १९८४ मध्ये हेच गणितानं दाखवलं: एकमेकांना पर्याय असणाऱ्या वस्तू विकणाऱ्या कंपन्या दरावर स्पर्धा करत असतील, तर मागणीची माहिती वाटून घेणं प्रत्येकीच्या हिताचं असतं. ग्राहकाच्या हिताचं काय, हा प्रश्न मग आपोआप येतो.

पॅरिसमध्ये तो आला. रिट्झ, क्रियाँ, ब्रिस्टल, मोरिस, प्लाझा आतेने आणि जॉर्ज पाचवा ही सहा आलिशान हॉटेलं किती खोल्या भरल्या, सरासरी दर काय आणि खोलीमागे कमाई किती, हे नियमितपणे एकमेकांना कळवत होती. दर किती ठेवायचा यावर करार झाल्याचं सिद्ध करायची गरजच पडली नाही. अशा गुप्त आकड्यांची देवाणघेवाण स्पर्धा बोथट करते, असं म्हणत फ्रान्सच्या स्पर्धा परिषदेनं नोव्हेंबर २००५ मध्ये सहा जणांना मिळून ७ लाख ९ हजार युरो दंड केला.

आता फोनवर माणसं बोलत नाहीत, दर सॉफ्टवेअर सुचवतं. लास व्हेगासच्या हॉटेलांनी एकाच कंपनीचं दर सुचवणारं सॉफ्टवेअर वापरल्याबद्दल खटला भरला गेला, पण ऑगस्ट २०२५ मध्ये अपील न्यायालयानंही तो फेटाळला. हॉटेलांनी त्यातून एकमेकांची गुप्त माहिती वाटून घेतली, असा दावा अपिलात नव्हताच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सिएटलला कोस्टार आणि बड्या हॉटेल साखळ्यांवर ग्राहकांनी दाखल केलेला दावा मात्र थेट एसटीआरच्या अहवालांवर बोट ठेवतो. पॅरिसमध्ये प्रत्येकाचा आकडा नावानिशी जात होता, इथे नुसती बेरीज जाते. पण बेरजेतून एकेकाचा आकडा हुडकणं किती अवघड, हे गटात हॉटेलं किती आहेत यावर ठरतं, आणि एखाद्या शहरात खरी टक्कर देणारी आलिशान हॉटेलं पुष्कळदा पाच-सहाच असतात.